गाबोळीवाले रातकिडे

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. रात्री पारा सोळावर उतरला असं टीव्हीवाले सांगत होते, आणि मुंबईकराला तेवढी थंडी भरपूर होते. चारकोपच्या गावठाणात सकाळी सातला लोक कानटोप्या घालून दूध आणायला निघाले होते आणि तोंडातून वाफ येते का ते फू फू करून बघत होते. येत नव्हती.

सखुबाई उठली ती तोंड न धुताच मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतीला लावून प्लास्टिकच्या सात पेट्या होत्या. पहिलीवरची गोधडी तिने उचलली आणि जाळीच्या झाकणाला कान लावला. एरवी या वेळेला आत असा कालवा चाललेला असायचा की लग्नघर वाटावं. आज पेटी गप्प होती.

"गारठलं गो बाय," ती म्हणाली आणि पिवळा दिवा पेटवून पेटीला चिकटून ठेवला.

बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा, लहूचा आवाज आला. "दिवा लावलास ना? लाव. मना एक फाटकी चादर, आन् किड्यांना गोधडी पन आन् दिवा पन."

"तू अंडी घालतंस का?" सखुबाईने विचारलं.

लहूने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

पाच पेट्यांत रातकिडे होते, दोनांत परदेशी जातीची झुरळं, आणि कोपऱ्यातल्या बरणीत कोंड्यात लोळणाऱ्या पिवळ्या अळ्या. हा सगळा खटाटोप टॅरँटुला पाळणाऱ्या हौशी लोकांसाठी. टॅरँटुला म्हणजे हाताच्या पंजाएवढा केसाळ कोळी. लोक तो काचेच्या पेटीत पाळतात, आणि त्याला खायला जिवंत, हलणारं काहीतरी लागतं. कोळ्यांना जेवण पुरवणारी कोळीण म्हणून गल्लीत जेवढी थट्टा व्हायची तेवढी पहिल्याच महिन्यात होऊन गेली होती. आता पोरंसुद्धा कंटाळली होती.

धंदा मूळचा मुलाचा, मितेशचा. ऑगस्टमध्ये त्याला प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात नोकरी लागली आणि नऊ महिन्यांसाठी तो निघून गेला. जाताना आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "आये, एवढ्या पेट्या सांभाळ." सखुबाईचा तेव्हा नुकताच गुडघा बदलून झाला होता. चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेली बाई, डॉक्टरने खाली बसायला मनाई केल्यामुळे घरात खुर्चीवर बसून होती आणि दिवसाला चार वेळा लहूशी भांडत होती. पेट्या आल्या आणि भांडणं दोनांवर आली.

मितेशने जाताना कॅलेंडरच्या मागच्या बाजूला सगळे नियम लिहून ठेवले होते. किड्याचं अंग गिऱ्हाइकाच्या टॅरँटुलाच्या पोटाहून मोठं असता कामा नये. पाण्याची वाटी ठेवायची नाही, रातकिडे बुडून मरतात, ओला स्पंज ठेवायचा. विकण्याआधी एक दिवस गाजर, दुधीची सालं पोटभर खायला घालायची, कारण किड्याच्या पोटात जे असेल तेच पुढे जातं. बाहेरचा, गटारातला किडा कधीही घ्यायचा नाही. हे सगळं सखुबाईने एकदा वाचलं आणि तिला पटलं. ताजं, भरलेलं, मापाचं. मासळीत तरी वेगळं काय असतं? खाण्यात तिने स्वतःची एक भर घातली. गव्हाच्या कोंड्यात ती सुक्या जवळ्याची पूड मिसळायची. रातकिडे त्यावर तुटून पडत. महिन्याभरात ते असे तुकतुकीत झाले की मितेशने जहाजावरून फोटो बघून विचारलं, "आये, तू यांना काय घालतेस?" आईने सांगितलं नाही. धंद्यातली गोष्ट पोटच्या पोरालासुद्धा लगेच सांगायची नसते.

शेजारचा दादू एकदा बरणीभर झुरळं घेऊन आला होता. त्याच्या मोरीतली. म्हणाला, "घे वहिनी, फुकट. तुला धंदा, मला सफाई."

"मागच्या आठवड्यात मोरीत औषध मारलंस ना?" सखुबाईने विचारलं.

"मारलं. पण ही जगली बघ, कसली कडक आहेत."

"ती जगली. त्यांना खाईल तो मरंल. नाव कोनाचं जाईल? माजं. उचल बरनी."

म्हणजे माल पारखण्यात ती पक्की होती. तिचं मन बसत नव्हतं ते गिऱ्हाइकांवर. टॅरँटुलावाली पोरं मोबाईलवर ऑर्डर टाकत, दारात येत, 'थँक यू आंटी' म्हणत आणि सांगेल ती किंमत देऊन निघून जात. घासाघीस नाही, माल उलटापालटा करून बघणं नाही, 'कालचाच दिसतोय' म्हणून टोमणा नाही. सखुबाईला तो अपमान वाटे. ती पेटी उघडून डबा पुढे करायची, "बग तरी, कसं हायत," आणि समोरचं पोरगं दोन पावलं मागे सरायचं.

एकच गिऱ्हाईक तिच्या मनासारखं होतं. संघमित्रा. दिंडोशीला राहणारी, गोरेगावच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासणारी, अठ्ठावीस-तीस वर्षांची, लग्न झालेली पोर. दर गुरुवारी कामावरून परस्पर यायची, पर्स बाजूला टाकायची आणि भांडायला बसायची.

"मावशी, मागच्या पन्नासात चार लंगडे होते."

"लंगडा रातकिडा पलत नाय. तुज्या राणीला सोपा. त्याचं जास्ती पैसं लावाला पायजे."

"मग पुढच्या वेळी पन्नासच्या पन्नास लंगडे द्या. निम्म्या भावात."

"निम्म्या भावात पाय देते, उरलेला नवऱ्याकडून घे."

"आकाश तर राणीच्या खोलीत पण येत नाही यार मावशी. दारातून विचारतो, झाकण लावलंय का."

राणी म्हणजे तिची टॅरँटुला. काळी, पायांच्या सांध्यांवर नारिंगी पट्टे. लग्नाआधी चार वर्षं सांभाळलेली. सासरी नेताना सासूने, सुंदराबाईने, एकच अट घातली होती: ते जे काय आहे ते काचेच्या आत राहील, पण त्याचा एक जरी किडा मला काचेच्या बाहेर दिसला, तर त्याच दिवशी पेटी घराबाहेर. संघमित्राने हात पुढे करून शब्द दिला होता. सव्वा वर्ष तो पाळलाही होता. राणीच्या जेवणातला एकेक रातकिडा ती मोजून आत टाकायची आणि उरलेला दुसऱ्या दिवशी मोजून बाहेर काढायची.

आता कॅलेंडरवर मितेशने आणखी एक ओळ लिहिली होती: 'मोठ्या माद्या गिऱ्हाइकाला द्यायच्या नाहीत, त्या पेटीतच ठेवायच्या.' ही ओळ वाचून सखुबाई हसली होती. पोरगं शिकलं, पण धंद्याची रीत कुठे शिकलं? मासळीबाजारात रोजच्या गिऱ्हाइकाला काय देतात? गाबोळीवाला मासा. अंड्यांनी टरारलेला. नवख्याच्या वाट्यात तो जात नाही, पाटीच्या तळाशी फडक्याखाली असतो, आणि आपलं माणूस आलं की न बोलता त्याच्या पिशवीत पडतो. चाळीस वर्षांत सखुबाईने ही मर्जी फार थोड्यांवर केली होती.

ख्रिसमसच्या आधीच्या गुरुवारी संघमित्रा म्हणाली की राणी नीट खात नाही, दोन आठवडे तोंड फिरवून बसलीये. सखुबाई तडक मागच्या खोलीत गेली. तिने पहिल्या पेटीतून निवडून निवडून बारा माद्या काढल्या. पोटं अशी फुगलेली की पंख वर उचललेले, शेपटीला सुईसारखी नळी.

"ह्या दे तिला. गाबोलीवाल्या हायत. तोंडाला चव येल."

"किती मोठ्या आहेत मावशी. चालतील?"

"तुज्या राणीच्या पोटाहून बारीक हायत का नाय? मग झालं. आन् लगेच काढू नको. दोन दिस राहू दे."

त्या बारा माद्यांचे तिने पैसेही घेतले नाहीत.

तर त्या गारठलेल्या बुधवारी सकाळी सखुबाई रातकिड्यांना बसायला ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठे झटकून मेलेले रातकिडे वेगळे करत होती, आणि फोन वाजला.

"मावशी, वाट लागली," संघमित्रा म्हणाली. ती कुजबुजत होती. "घरभर पिल्लं झालीत."

"कोनाला?"

"रातकिड्यांना. तुम्ही दिलेल्या माद्या राणीने खाल्ल्याच नाहीत. दोन दिवसांनी मी बाराच्या बारा काढल्या, मोजून. पण त्यांनी तोवर मातीत अंडी घातली होती. पेटीतली माती ओली, वर थंडीसाठी मी दिवा लावलेला. काल सगळी फुटली. मोहरीच्या दाण्याएवढी आहेत, हवेच्या भोकांतून बाहेर येतायत. आई आता मूग निवडत होत्या. त्यांच्या सुपातला एक मूग उडून त्यांच्या चष्म्यावर बसला."

सखुबाई हातातला पुठ्ठा घेऊन खुर्चीवर बसली.

"मंग?"

"मग काय. आकाशचा मित्र विशाल, कुर्ल्याचा, त्याला फोन झालाय. चार वाजता येऊन तो पेटी घेऊन जाणार. आणि मावशी, राणी पाठीवर पडलीये. कात टाकतेय. म्हणून तर खात नव्हती. या वेळेला ती काचेसारखी असते, धक्का लागला तरी फाटेल. हलवली तर मरेल. आईंना वाटतं मी नाटक करतेय. आणि ती पिल्लं आत तिच्या अंगावर चढतायत. तिचं अंग आत्ता लोण्यासारखं मऊ आहे, ती कुरतडतील. मी रजा टाकलीये. काय करू ते सांगा."

"कायच करू नको. मी येते," सखुबाई म्हणाली. "माल माजा हाय."

फोन ठेवून तिने कॅलेंडरची मागची बाजू काढली आणि ती ओळ पुन्हा वाचली. मग कॅलेंडर भिंतीला होतं तसं लावलं. लहू दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"गाबोलीवाल्या," तो म्हणाला. एवढंच म्हणाला, पण अशा आवाजात की सखुबाईने तिथल्या तिथे त्याचा दाढीचा ब्रश उचलून पिशवीत टाकला.

"तो माजा हाय."

"मऊ हाय. लागंल मना."

झाकणाच्या दोन बरण्या, मच्छरदाणीचा तुकडा, चिकटपट्टी, आणि ब्रश. रिक्षावाल्याने विचारलं, आजी, हॉस्पिटल का? ती म्हणाली, तसंच समज.

दिंडोशीच्या म्हाडाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते सुंदराबाईने. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळाला आठी. हातात झाडू. मूळची मेहकरकडची. पस्तीस वर्षं मुंबईत काढली, पण बोली गावची तशीच ठेवली होती.

"तू काय वं ते किडे इकणारी?"

"हाव. मीच."

"काऊन इकते?"

"मासली इकत होते. गुडघा गेला."

सुंदराबाईने तिच्या गुडघ्याकडे पाहिलं. तिचाही डावा सुजलेला होता. "ये मंग आत. पाय उचलून ठेव, खाली सारे उडून राह्यले."

खरंच उडत होते. पांढऱ्या फरशीवर काळे ठिपके, आणि माणूस जवळ गेलं की ठिपके जागा बदलायचे. झाडूने लोटले की हवेत उडून झाडूच्या मागे पडायचे. सुंदराबाई सकाळपासून तेच करत होती आणि आता तिला असा संशय आला होता की ते तिला हसतायत.

सखुबाई आधी आतल्या खोलीत गेली. काचेच्या पेटीत राणी उताणी पडली होती, आठ पाय वर. भोवती ठिपक्यांची जत्रा. सखुबाईने जन्मात पहिल्यांदाच एवढ्या जवळून टॅरँटुला पाहिली. आजवर तिने फक्त त्यांची जेवणं पाहिली होती. तिने ओठ आवळले, पेटीच्या हवेच्या भोकांवर मच्छरदाणी ताणून चिकटवली आणि बाहेर आली.

"आता नवीन येनार नाय. पैलं भायेरचं घेऊ, नंतर आतलं. वाजलं किती?"

"साडेअकरा," संघमित्रा म्हणाली.

"चार वाजता तो पोट्टा येते," सुंदराबाईने आठवण दिली. "मी जबान देली, तं देली. माह्या सुनेनं बी देली होती."

"आई, राणीचं काय चुकलं यात?"

"कोनाचं? त्या आठ पायवालीचं? मी कुठी म्हणलं तिचं चुकलं? अट म्हंजे अट."

सखुबाईने त्यांना बोलू दिलं. ती स्वयंपाकघरात उभी राहून ठिपके कुठे जातात ते बघत होती. सिंकच्या खाली, जिथे नळ ठिबकत होता, तिथे ते दाट होते. माठाच्या तिवईखाली होते. मोरीच्या उंबऱ्याशी होते. ती जेवढं रातकिड्यांबद्दल शिकली होती त्यापेक्षा जास्त तिला दुसरंच काही कळत होतं. ओहोटी लागली की खाजणातलं पाणी उतरतं, आणि लहान मासळी पळून पळून जाते कुठे, तर उरलेल्या खळग्यात. मग जाळं टाकायचं कारण नसतं. खळग्यापाशी जाऊन बसायचं.

"घर कोरडं करा," ती म्हणाली.

"काय?"

"ह्यांना तहान लागतं. बारकी पिलां, पान्याबिगर दोन घटका पन कासावीस. सगलं पानी पुसा. नलाला फडका बांधा, माठ झाका, मोरी पुसा. थेंब ठेवू नका. आन् मधी एक ओलं फडकं टाका. सगली तिथं येतील."

सुंदराबाई झाडू टेकवून उभी राहिली. "माह्या हयातीत मी पाणी भरलं, पाणी वाहिलं, पाण्यासाठी इहिरीत उतरली. आता ही बाई आली अन् मले घर कोरडं करायले सांगून राह्यली."

पण ती खाली वाकली आणि मोरी पुसायला लागली. पुसता पुसता म्हणाली, "फडक्यानं काही होत नाही. आमच्या इकडं उन्हाळ्यात मुंगळे झाले का ओला बारदाना टाकत. त्याच्या खाली अंधार राह्यते, ओल राह्यते. फडक्याखाली काय राह्यते?"

"फडकं उचलाला सोपं."

"बारदाना झटकायले सोपा."

शेवटी स्वयंपाकघरात सखुबाईचं ओलं फडकं पडलं आणि पुढच्या खोलीत सुंदराबाईचं तांदळाचं ओलं गोणपाट. दोघी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. संघमित्राने चहा करायला घेतला तर दोघींनी एकदमच सांगितलं, पाणी सांडू नको.

अर्ध्या तासाने सखुबाईने फडक्याचं टोक उचललं. खाली शंभरेक ठिपके होते. तिने ते अलगद बरणीत झटकले आणि सुंदराबाईकडे असं पाहिलं की झालं ना. सुंदराबाई उठली, गोणपाट दोन्ही हातांनी उचललं आणि बरणीवर आपटलं. काळा पाऊस पडावा तसे ठिपके बरणीत पडले. गोणपाटाच्या धाग्याधाग्यात ते बसले होते. दुसऱ्यांदा झटकलं तरी पडतच होते.

"दुसरी बरनी दे," सखुबाई म्हणाली. तिने पहिलीचं झाकण लावलं. "आन् दुसरा बारदाना हाय का?"

सुंदराबाईच्या कपाळाची आठी पहिल्यांदा सैल झाली. "तीन हायेत," ती म्हणाली.

दोन वाजेपर्यंत पाच वेळा झटकून झालं. सखुबाईने बरण्या पिशवीत घातल्या. "पोसून मोठी करीन. माल हाय."

मग पेटी उरली. हे काम फडक्याचं नव्हतं, गोणपाटाचंही नव्हतं. संघमित्रा सारखी मध्ये मध्ये हात घालत होती, म्हणून तिला दूर बसवलं. सखुबाईने लहूचा दाढीचा ब्रश कपभर पाण्यात बुडवून झटकला, पेटीचं झाकण अर्धं सरकवलं आणि सुंदराबाईला म्हणाली, "मोबाईलची बत्ती धर. हलवू नको."

"मले काय त्याच्याकडं पाहाचं नाही."

"डोले मीट. बत्ती धर."

चाळीस वर्षं कोलंबीची साल काढलेला हात होता. ओला ब्रश राणीच्या अंगाला न लागता, केसाच्या अंतराने फिरत होता. एक ठिपका चिकटला की बाहेर, पाण्यात टेकवला की मोकळा, पुन्हा आत. सुंदराबाईने पाच मिनिटं डोळे मिटून धरले. मग एक उघडला.

राणीच्या अंगावरचं जुनं कवच छातीशी उचकटलं होतं. आतून नवं अंग, पांढुरकं, ओलसर, हळूहळू वर येत होतं. घट्ट पायमोजा काढावा तसा तिने एक पाय जुन्या पायातून थोडासा ओढला. थांबली. दम घेतल्यासारखी थांबली. मग पुन्हा ओढला.

"हे काय करून राह्यली व?" सुंदराबाईचा आवाज खाली आला होता.

"अंग बदलते. जुनं टाकते."

"दुखत असन का तिले?"

"मना काय ठाव. माजा गुडघा बदलला तं दुकलं."

बत्ती आता थेट राणीवर होती, आणि हलत नव्हती. दुसरा पाय निघताना सुंदराबाईने स्वतःचा श्वास धरला आणि तो निघाल्यावर सोडला. तिसऱ्याला तिने हळूच 'हूं, हूं' असं केलं. तिची आई मेहकरला गावातल्या बायकांची बाळंतपणं करायची आणि लहानपणी कंदील धरायला हिला बरोबर न्यायची. ते तिने बत्ती धरूनच पुटपुटत सांगितलं; सुनेला हे लग्नाला सव्वा वर्ष होऊन आज कळलं.

शेवटचा ठिपका ब्रशला लागला तेव्हा पावणेचार झाले होते. राणीचे सहा पाय बाहेर होते, दोन बाकी. आणि बेल वाजली.

विशाल आला होता. हातात पुठ्ठ्याचं मोठं खोकं, डोक्यात हेल्मेट. घरात आल्यावरही त्याने हेल्मेट काढलं नव्हतं.

"काकू, कुठाय ते? बांधून ठेवलंय ना?"

संघमित्रा भिंतीला टेकून उभी राहिली. सखुबाईने ब्रश पुसला आणि बाजूला झाली. माल तिचा होता, पण घर तिचं नव्हतं.

सुंदराबाई आतल्या खोलीच्या दारात आडवी उभी होती. "हळू बोल," ती म्हणाली.

"का, झोपलंय?"

"बाळंतीण हाये."

विशालने हेल्मेटची काच वर केली. "कोण?"

"तुले काय करायचं कोन ते? बाळंत झालेल्या बाईले सव्वा महिना घराबाहेर काढत नाही. आमच्यात काय, कोनाच्यात काढत नाही. चहा घे अन् जा. चपला मात्र झटकून घाल, एखादा उडून गेला असन त्याच्यात."

"अहो आई, ती बाळंत नाही..." संघमित्राने सुरुवात केली. सखुबाईने तिच्या दंडाला असा चिमटा काढला की वाक्य तिथेच संपलं.

"सव्वा महिना," सुंदराबाईने सुनेकडे वळून बोट दाखवलं. "मंग पाहू. अट मी सोडली नाही. अन् तू," बोट सखुबाईकडे गेलं, "तू पुन्हा असे पोटुशी किडे देशील तं तुह्याच घरी आणून सोडीन."

"नाय देत. नर देईन."

"नर रातभर किरकिर करतात आई," संघमित्रा हळूच म्हणाली.

"काय माय कटकट हाये. मादी आणली तं पिल्लं, नर आणला तं गाणं."

"बिनपंखाचं देते," सखुबाई म्हणाली. "अर्धं वाढलेलं. गात पन नाय, घालत पन नाय."

"अन् माह्या दिवसभराच्या तरासाचं?"

सखुबाईला आत कुठेतरी बरं वाटायला लागलं. तिने पदर खोचला. "काय पायजे?"

"मासोळी. दर गुरुवारी. हिच्या हाती धाडायची."

"दर गुरुवारी? येक गुरुवार."

"सव्वा महिना."

"दोन गुरुवार. बांगडे."

"बांगडे तू खा. सुरमई."

"सुरमईचा भाव ठाव हाय? माजा सगला रातकिडा इकला तरी सुरमईचं शेपूट येत नाय. पापलेट देते, मध्यम, येकच डाव."

विशाल चहाचा कप हातात घेऊन, हेल्मेटसकट, या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. सौदा तीन गुरुवार, हलवा मासा, दोन तुकडे वर, यावर ठरला. सुंदराबाई आतल्या खोलीत जाऊन एकदा बघून आली. "आठवा निंगाला," तिने बाहेर येऊन सांगितलं आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून सुजलेला गुडघा दाबत पलंगावर बसली.

सखुबाई घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. लहू ओट्यापाशी उभा राहून तिची वाट बघत होता आणि वाट बघत नसल्यासारखं दाखवत होता. शेजाऱ्यांच्या होडीवरून आलेले ओले बोंबील परातीत होते, त्याने धुवून ठेवले होते, पण पुढचं त्याला जमत नव्हतं. तिने पिशवी खाली ठेवली, ओट्यावरचा सुरा धारेला अंगठा लावून पाहिला, परात पुढे ओढली आणि एकेका बोंबलाचं डोकं उडवायला लागली.